नारळ द्यायचा, पण कोणाला?

१८ मार्च २०१७. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या हॉथॉर्न्स मैदानावर आर्सेनलचा सामना चालू असताना वरून एक छोटं विमान गेलं. त्याच्यामागे फडकणाऱ्या फलकावर मागणी होती: आर्सेन वेंगर यांना नवा करार देऊ नका, त्यांना घालवा. काही वेळाने दुसरं विमान आलं. त्याचा फलक सांगत होता की वेंगर यांच्यावर आमचा विश्वास आहे, त्यांचा मान राखा. भांडण आर्सेनलच्याच पाठीराख्यांचं आपसातलं होतं, ते आभाळात पोहोचलं इतकंच. खाली मैदानात आर्सेनल १-३ असा हरला.

वेंगर तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ पदावर होते. त्यांनी क्लबला तीन लीग विजेतेपदं दिली होती, त्यातलं २००३-०४ चं तर एकही सामना न हरता. पण ते शेवटचंच ठरलं होतं, आणि त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये बायर्न म्युनिकने चॅम्पियन्स लीगच्या दोन लढतींत मिळून १०-२ असा धुव्वा उडवला होता. मे महिन्यात वेंगर यांनी एफए कप जिंकला, त्यांना दोन वर्षांचा करार मिळाला आणि तो पुरा होण्याआधी, २०१८ मध्ये, ते गेले. दोन्ही पक्षांना आपलंच खरं झालं असं म्हणायची सोय राहिली. मधल्या काळात ‘वेंगर आउट’ ही घोषणा इतकी पसरली की नोव्हेंबर २०१७ मध्ये झिम्बाब्वेत रॉबर्ट मुगाबे यांच्याविरुद्ध निघालेल्या मोर्चातही तिचा फलक झळकला.

संघ हरायला लागला की मॅनेजर बदलावा का, हा वाद प्रत्येक क्लबात, जवळपास प्रत्येक हंगामात नव्याने पेटतो. मुंबई-पुण्यात मध्यरात्र उलटेपर्यंत जागून सामने पाहणारे आर्सेनलचे आणि मँचेस्टर युनायटेडचे चाहतेही तो तितक्याच हिरिरीने घालतात. त्यात भावना भरपूर असते, पण युक्तिवादही असतात, आणि गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी त्यांची मोजदादही केली आहे. दोन्ही बाजूंकडे काय आहे आणि पुरावा कुठे झुकतो, याचा हा आढावा.

‘हटवा’ म्हणणाऱ्यांची बाजू

या पक्षाचा पहिला मुद्दा वेळेचा. प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत घसरलं की प्रक्षेपण हक्कांचं उत्पन्न आटतं, चांगले खेळाडू निघून जातात आणि परत वर येण्याची खात्री नसते. हंगाम ३८ सामन्यांचा. त्यातले बारा-पंधरा हातचे गेल्यावर धीराचे सल्ले कोण ऐकणार? दुसरा मुद्दा ड्रेसिंग रूमचा. खेळाडूंचा मॅनेजरवरचा विश्वास एकदा उडाला की पंचवीस खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं, असा हा साधा हिशेब आहे.

या बाजूकडे भक्कम उदाहरणं आहेत. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांना काढलं. लॅम्पार्ड म्हणजे क्लबचे लाडके माजी खेळाडू, त्यामुळे चाहते हळहळले. पण त्यांच्या जागी आलेल्या थॉमस टुखेल यांनी चार महिन्यांत त्याच खेळाडूंना घेऊन चॅम्पियन्स लीग जिंकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲस्टन व्हिला तळाच्या आसपास गटांगळ्या खात होता. स्टीव्हन जेरार्ड गेले, उनाई एमरी आले, आणि हंगामअखेर संघ सातवा होता. पुढच्या वर्षी चौथा येऊन तो चॅम्पियन्स लीगमध्ये पोहोचला. लिव्हरपूलने ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रेंडन रॉजर्स यांना निरोप देऊन चार दिवसांत युर्गन क्लॉप यांना आणलं. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

सर्वांत अवघड उदाहरण लेस्टरचं. २०१५-१६ मध्ये ज्या संघाच्या विजेतेपदाचा भाव सट्टेबाजांनी ५००० ला १ असा लावला होता, त्या संघाला क्लाउदिओ रानिएरी यांनी लीग जिंकून दिली. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्यांना नारळ मिळाला. फुटबॉलजगत कृतघ्नतेच्या नावाने ओरडलं. पण तेव्हा लेस्टर घसरणीच्या रेषेच्या जेमतेम एक गुण वर होता. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रं गेली आणि लीगमधले पुढचे पाचही सामने लेस्टरने जिंकले. संघ बारावा आला. कृतज्ञता आणि व्यवहार यांत निवड करायची वेळ आली तेव्हा क्लबने व्यवहार निवडला, आणि तो फळला.

मात्र तेच शेक्सपिअर, कायमचा करार मिळाल्यावर, ऑक्टोबरमध्ये बडतर्फ झाले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच का, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांची बाजू

धीर धरा म्हणणाऱ्यांचं दैवत एकच: ॲलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते युनायटेडमध्ये आले. १९८९ च्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने त्यांना निरोप देणारा फलक धरला होता. तीन वर्षं सबबी ऐकतोय, आता पुरे, असा त्याचा मथितार्थ. त्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा आला, पण एफए कप जिंकला. पहिलं लीग विजेतेपद यायला १९९३ उजाडलं. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेरा लीग आणि एकूण ३८ चषक जमा झाले होते.

अलीकडचं उदाहरण मिकेल आर्तेता यांचं. डिसेंबर २०१९ मध्ये ते आर्सेनलमध्ये आले. पहिल्या हंगामात एफए कप मिळाला, पण लीगमध्ये दोनदा लागोपाठ आठवा क्रमांक. २०२१-२२ ची सुरुवात तीन पराभवांनी झाली, त्यांत एकही गोल नाही, आणि संघ तक्त्याच्या तळाशी. त्या ऑगस्टमध्ये त्यांना काढलं असतं तर फारसं कोणी रडलं नसतं. क्लबने ठेवलं. त्या वर्षी संघ पाचवा आला आणि नंतरचे तिन्ही हंगाम दुसरा.

हे युक्तिवाद मनाला पटतात, पण त्यांत एक खोट आहे. आपण फर्ग्युसन आठवतो कारण ते टिकले आणि जिंकले. ज्यांना भरपूर वेळ मिळूनही काही साधलं नाही, त्यांची उदाहरणं कोणी देत नाही. नॉर्विच सिटीचंच पाहा. २०१९-२० मध्ये संघ प्रीमियर लीगच्या तळाला जाऊन घसरला तरी क्लबने डॅनियल फार्के यांना हलवलं नाही. दुसऱ्याच वर्षी ते खालची श्रेणी जिंकून परत वर आले. म्हणजे धीर फळला. मग २०२१ च्या नोव्हेंबरात, हंगामातला पहिला विजय मिळाल्यावर काही तासांतच, क्लबने त्यांना काढून डीन स्मिथ यांना आणलं. संघ पुन्हा शेवटचाच आला. एकदा धीर धरून आणि एकदा बदल करून नॉर्विच त्याच विसाव्या जागी पोहोचला. मग फरक नेमका कशाने पडतो?

आकडे काय सांगतात

या प्रश्नाला अभ्यासक भिडले ते बेसबॉलमधून. १९६० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ ऑस्कर ग्रुस्की यांनी प्रशिक्षक वरचेवर बदलण्याचा संबंध संघाच्या खराब कामगिरीशी जोडला. विल्यम गॅमसन आणि नॉर्मन स्कॉच यांनी त्यावर शंका घेतली. त्यांच्या मते प्रशिक्षकाची हकालपट्टी हा बहुतेक वेळा एक विधी असतो. अपयशाचं खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटलं की सगळ्यांना मोकळं वाटतं, आणि बळीचा बकरा हाताशी असतोच.

फुटबॉलमधले अभ्यास पुढे आले. नेदरलंड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातले डच लीगमधले बदल तपासले. त्यांची युक्ती साधी होती. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतो का, एवढंच न पाहता त्यांनी शेजारी दुसरा गट उभा केला: ज्यांची कामगिरी तितकीच घसरली होती, पण ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, असे संघ. दोन्ही गट सावरले, आणि जवळपास सारखेच सावरले. यान फान ऑर्स आणि मार्टिन फान टाउल यांनी नंतरच्या डच हंगामांवर, मारिया दे पाओला आणि विन्चेन्झो स्कोप्पा यांनी इटलीच्या सेरी आ वर, तर आंद्रेआस हॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ ते २००९ या काळातल्या जर्मन बुंडेसलीगावर असंच काम केलं. निष्कर्ष साधारण त्याच दिशेचे आहेत: हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलण्याचा सरासरी फायदा नगण्य.

मग सुधारणा दिसते ती कुठून येते? वळणाचं पाणी वळणावर जातं, तिथून. मॅनेजर काढला जातो तो संघ आपल्या नेहमीच्या पातळीच्या बराच खाली गेलेला असताना. खांबाला लागलेले चेंडू, दुखापती, पंचांचे निर्णय, लागोपाठ आलेले बलाढ्य प्रतिस्पर्धी हे सगळं एकत्र आलेलं असतं. एवढं सगळं फार काळ एकाच बाजूने वाईट राहत नाही. संघ वर येणारच असतो, आणि वर येताना खुर्चीत नवा माणूस बसलेला असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना हाच घोटाळा इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांमध्ये आढळला होता. शाबासकी दिली की वैमानिक पुढच्या खेपेला बिघडतात आणि रागावलं की सुधारतात, अशी त्या प्रशिक्षकांची पक्की समजूत झाली होती. खरं तर फार चांगल्या आणि फार वाईट उड्डाणानंतर पुढचं उड्डाण नेहमीसारखं होत होतं, इतकंच.

नेहमीची पातळी ठरते कशाने? मुख्यतः पगाराने. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे अनेक वर्षांचे हिशेब तपासले तेव्हा लीगमधल्या स्थानांतल्या फरकापैकी सुमारे ९० टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरील खर्चाशी जुळलेला आढळला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नॉर्विचची कथा इथे उलगडते. वॉटफर्डचीही. २०१९-२० च्या एकाच हंगामात वॉटफर्डने तीन प्रशिक्षक काढले, त्यातले नायजेल पिअर्सन तर दोन सामने उरले असताना. संघ घसरायचा तो घसरलाच.

इथवर आकडे ‘थांबा’ पक्षाच्या बाजूने दिसतात, पण त्यांची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. सरासरी शून्य आहे, याचा अर्थ प्रत्येक बदल शून्य आहे असा होत नाही. सरासरीत टुखेलही असतात आणि वॉटफर्डही. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेलेल्या प्रशिक्षकांचा माग काढून जर्मनीत झालेल्या संशोधनाने दाखवलं की प्रशिक्षका-प्रशिक्षकांत खरोखरच मोठा फरक असतो. म्हणजे माणूस महत्त्वाचा आहे. फक्त जुना काढण्याच्या कृतीत जादू नाही, ती असली तर नव्याच्या निवडीत आहे.

दुसरं, गुणतक्ता हा कामगिरीचा एकमेव आरसा नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड बुंडेसलीगाच्या तळाशी होता आणि संतापलेल्या चाहत्यांची समजूत काढायला खेळाडूंना कुंपणापर्यंत जावं लागलं होतं. पण संघ संधी किती निर्माण करतो आणि प्रतिस्पर्ध्याला किती देतो, याचा हिशेब मांडला तर तो तळाचा संघ मुळीच दिसत नव्हता. क्लबने क्लॉप यांना ठेवलं आणि संघ सातवा आला. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी तोच हंगाम चाळून पाहिला आणि त्यांना दुर्दैवाने गाठलेला एक उत्तम प्रशिक्षक दिसला. अपेक्षित गोलांचा हा हिशेब आता सर्वसामान्य चाहत्यांच्या हाती आहे, त्यामुळे नुसत्या निकालांवर बोलणाऱ्याला आज कोणी सहज सोडत नाही.

गुणांपलीकडचे हिशेब

वरचे बहुतेक अभ्यास गुण मोजतात. चाहता मात्र केवळ गुणांसाठी तिकीट काढत नाही. मार्च २०१४ मध्ये वेस्ट हॅमने घरच्या मैदानावर हल सिटीला २-१ असं हरवलं आणि सामना संपल्यावर आपल्याच प्रेक्षकांची हुर्यो पदरात घेतली. मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांनी कानामागे हात नेऊन, मी ऐकतोय ते खरंच का, असा आविर्भाव केला. प्रेक्षकांचं म्हणणं स्पष्ट होतं: जिंकलात, पण असं खेळणं आमच्या क्लबचं नव्हे. ही तक्रार कोणत्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

जुनं वैरही मोजलं जातं. २०१२ मध्ये रोबेर्तो दि मातेओ यांनी हंगामी म्हणून सूत्रं घेऊन चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग मिळवून दिली आणि सहा महिन्यांत त्यांना काढण्यात आलं. त्यांच्या जागी आलेले राफाएल बेनितेझ एके काळी लिव्हरपूलचे, चेल्सीच्या चाहत्यांना टोमणे मारलेले. पहिल्या सामन्यापासून स्टँडमधून शिट्ट्या आणि फलक सुरू झाले. त्यांनी युरोपा लीग जिंकली तरी ते कामापुरते मामाच राहिले.

चषक आणि लीग यांतलं महत्त्वाचं काय, हा तिसरा हिशेब. लुई फान गाल यांनी २१ मे २०१६ रोजी युनायटेडला एफए कप जिंकून दिला आणि दोन दिवसांनी त्यांची गच्छंती झाली. २०२५ मध्ये टॉटनमची अवस्था त्याहून विचित्र झाली. आंगे पोस्टेकोग्लू यांनी युरोपा लीग जिंकून २००८ नंतरचा पहिला चषक आणला, पण लीगमध्ये संघ २२ सामने हरून सतराव्या क्रमांकावर होता. सोळा दिवसांनी त्यांना काढलं. एका बाजूला सतरा वर्षांची भूक भागवणारा माणूस, दुसऱ्या बाजूला लीगमधली ती दुर्दशा. चाहते तेव्हा उभे चिरले गेले. क्लब कशासाठी असतो, या प्रश्नावर दोन बाजूंचं एकमत नसेल तर मॅनेजरच्या प्रश्नावर ते होणार तरी कसं?

युनायटेडचं दशक

या साऱ्या युक्तिवादांची एकत्र परीक्षा पाहायची असेल तर फर्ग्युसन यांच्यानंतरचं मँचेस्टर युनायटेड घ्यावं. फर्ग्युसन यांनीच सुचवलेले डेव्हिड मॉइज सहा वर्षांच्या करारावर आले आणि एप्रिल २०१४ मध्ये, पहिला हंगामही पुरा होण्याआधी, गेले. फान गाल यांना दोन वर्षं मिळाली. जोझे मोरिन्यो यांनी दोन चषक आणि लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला, तरी डिसेंबर २०१८ मध्ये त्यांना काढलं. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यासाठी क्लबच्या हिशेबात १ कोटी ९६ लाख पौंडांचा खर्च पडला.

मग उले गुन्नार सोल्शेर हंगामी म्हणून आले आणि पहिल्या १९ सामन्यांतले १४ जिंकले. पॅरिसमध्ये पीएसजीला ३-१ असं हरवल्यावर चाहत्यांनी आणि माजी खेळाडूंनी एकच गजर लावला: यांना कायम करा. मार्च २०१९ मध्ये कायम केलं. त्या हंगामाच्या उरलेल्या भागातच घसरण सुरू झाली. तरी नंतर तिसरा आणि दुसरा क्रमांक आला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात वॉटफर्डकडून ४-१ अशी हार झाल्यावर त्यांचीही उचलबांगडी झाली. मध्ये हंगामी आलेले राल्फ रांगनिक जाता जाता सांगून गेले की वरवरच्या मलमपट्टीने भागणार नाही, इथे मोठी शस्त्रक्रिया लागेल.

एरिक टेन हाग यांच्या प्रकरणात तर निर्णय घेणाऱ्यांचा गोंधळ उघडा पडला. २०२३-२४ मध्ये संघ आठवा आला, पण एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने मँचेस्टर सिटीला हरवलं. क्लबने उन्हाळ्यात दुसऱ्या उमेदवारांची चाचपणी केली, मग यांचाच करार वाढवला, त्यांच्या पसंतीचे खेळाडू घेतले, आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढलं. निरोपाचा खर्च १ कोटी पौंडांच्या वर गेला. रुबेन अमोरिम यांना हंगामाच्या मध्यातच सोडवून आणण्यासाठी युनायटेडला त्यांच्या स्पोर्टिंग क्लबला १ कोटी १० लाख युरो द्यावे लागले. अमोरिम तीन बचावपटूंच्या रचनेने खेळणारे, आणि संघ बांधलेला चार बचावपटूंच्या रचनेसाठी. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधरावा आला.

या यादीत सगळे नालायक होते असं कोणी म्हणू शकणार नाही. मॉइज यांनी नंतर वेस्ट हॅमला युरोपियन चषक मिळवून दिला. इतर क्लबांचं पाहिलं तरी तेच दिसतं. आर्सेनलने काढलेल्या एमरी यांनी व्हियारेआलला युरोपा लीग जिंकून दिली, तीही युनायटेडला हरवून. १९७४ मध्ये लीड्सने ४४ दिवसांत घालवलेल्या ब्रायन क्लफ यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला लागोपाठ दोन वेळा युरोपियन कप जिंकून दिला. बर्नलीसह घसरलेले व्हिन्सां कोम्पानी थेट बायर्नमध्ये गेले आणि तिथे त्यांनी पहिल्याच वर्षी बुंडेसलीगा जिंकली. तोच माणूस एका क्लबात टाकाऊ आणि दुसऱ्या क्लबात अनमोल ठरत असेल, तर दोष केवळ माणसात शोधून चालणार नाही. युनायटेडमध्ये प्रत्येक नव्या मॅनेजरबरोबर खेळाची कल्पना बदलली आणि प्रत्येक जाणाऱ्याने आपल्या पसंतीचे, लांब कराराचे खेळाडू मागे ठेवले. पुढच्याने त्या गाळातून वाट काढायची. या सगळ्या निवडी करणारे मात्र वर सुरक्षित बसून उंटावरून शेळ्या हाकत राहिले.

मालक बदलता येत नाही म्हणून?

चाहत्यांच्या रागाचं एक लोकप्रिय स्पष्टीकरण असं आहे की मालकापर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून तो मॅनेजरवर पडतो. युनायटेडपुरतं ते पटतं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारलं. चाहते हिरवे-सोनेरी मफलर घालून निषेध करत राहिले. २ मे २०२१ रोजी ते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तरी ग्लेझर गेले नाहीत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ आले तेही अल्पभागधारक म्हणून. गर्जना करून हलवता येईल अशी एकच खुर्ची क्लबमध्ये उरते, ती मॅनेजरची.

पण जिथे चाहत्यांच्या हाती मत आहे तिथे काय होतं? जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहील असा नियम आहे. तरी बायर्नने मार्च २०२३ मध्ये यूलिआन नागल्समान यांना काढलं, तेही संघ विजेतेपदाच्या शर्यतीत आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत असताना. टुखेल आले, संघ दोन स्पर्धांतून महिनाभरात बाद झाला, आणि लीग मिळाली ती शेवटच्या दिवशी डॉर्टमुंड अडखळल्यामुळे. स्पेनमध्ये रेआल माद्रिद आणि बार्सेलोनाचे अध्यक्ष सभासद निवडून देतात. तिथे नाराज प्रेक्षक स्टँडमध्ये पांढरे रुमाल हलवतात आणि प्रशिक्षकाची खुर्ची हलू लागते. म्हणजे मताधिकार मिळाला की चाहता संयमी होतो, हे काही खरं नाही.

फरक दुसरीकडे पडतो. बार्सेलोनात २०२१ मध्ये निवडून आलेले जोआन लापोर्ता यांनी आधी रोनाल्ड कुमान यांना काढलं, मग चावी एर्नांडेझ यांना आणलं. चावी यांनी जानेवारी २०२४ मध्ये जायचं जाहीर केलं, एप्रिलमध्ये ते राहायला तयार झाले, मे महिन्यात लापोर्ता यांनीच त्यांना काढलं. सगळा तमाशा. पण त्यानंतर आणलेल्या हान्सी फ्लिक यांनी बऱ्याच अंशी त्याच संघातून २०२४-२५ चं लीग विजेतेपद आणि कोपा देल रे काढून दाखवला. निवड चुकली काय आणि जमली काय, तिचा धनी कोण ते सभासदांना माहीत होतं, आणि त्याला निवडणुकीत त्यांच्यासमोर यायचं होतं. इंग्लंडमधल्या चाहत्याला नेमकी हीच सोय नाही.

गोवा, मुंबई, कोलकाता

आपल्याकडचा पुरावा छोटा असला तरी बोलका आहे. इंडियन सुपर लीगमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नव्हती, त्यामुळे घबराटीने प्रशिक्षक बदलण्याचं कारणही कमी. तरीही जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवाने, साखळीतले तीन सामने बाकी आणि संघ अग्रस्थानी असताना, सेर्हिओ लोबेरा यांच्याशी फारकत घेतली. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रं घेतली, तिन्ही सामने जिंकले, आणि साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणारी लीगची ढाल पटकावून एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. बदल यशस्वी? थांबा. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. त्यांच्यामागून उगो बुमुस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि गोमंतकीय मंदार राव देसाई हेही गेले. पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं आणि फातोर्ड्याच्या मैदानावर विजेतेपद घेतलं, ढाल तर आधीच घेतली होती. मुंबईमागे तोवर सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसाही उभा राहिला होता. प्रशिक्षक, खेळाडू आणि पैसा ही तिन्ही वजनं एकाच पारड्यात पडली, मग त्यातल्या कोणत्या एकाला श्रेय द्यायचं?

२०२३-२४ चा हंगाम तर संशोधकांनी मुद्दाम रचावा तसा झाला. मोहन बागानने लागोपाठच्या पराभवांनंतर हुआन फेरांदो यांना काढून अंतोनियो हबास यांना परत आणलं. मुंबई सिटीचे डेस बकिंगहॅम हंगामातच इंग्लंडला गेले आणि पेत्र क्रात्की आले. हबास यांच्या संघाने मुंबईला हरवून ढाल घेतली, आणि तीन आठवड्यांत क्रात्की यांच्या मुंबईने कोलकात्यातच मोहन बागानला ३-१ असं हरवून अंतिम सामना जिंकला. दोघांनीही प्रशिक्षक बदललेला, दोघांकडेही लीगमधले तगडे संघ. अशा लढतीत एक नवा प्रशिक्षक जिंकणारच होता.

याउलट गोव्याच्या डेम्पोने आर्मांदो कोलासो यांच्यावर दीर्घकाळ विश्वास ठेवला आणि त्यांच्या हाताखाली पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण क्लबच्या मालक असलेल्या ज्या घराण्याने हा विश्वास ठेवला त्याच घराण्याने संघही सातत्याने बांधला होता. धीर फळला तो त्या बांधणीच्या जोरावर.

मग चाहत्याने काय मागावं?

इतका पुरावा पाहिल्यावर ‘काढा की ठेवा’ हा प्रश्नच अपुरा वाटतो. बदल शहाणपणाचा ठरण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. संघ आपल्या पगारखर्चाच्या मानाने बराच काळ खाली असावा, आणि तेही निकालांबरोबर खेळाच्या दर्जातही. जागेवर येणारा विशिष्ट माणूस ठरलेला असावा, आणि हाताशी असलेल्या खेळाडूंना त्याची पद्धत झेपणारी असावी. चेल्सीने टुखेल यांना आणलं तेव्हा या गोष्टी जुळलेल्या होत्या, बार्सेलोनाने फ्लिक यांना आणलं तेव्हाही. युनायटेडने अमोरिम यांना आणलं तेव्हा पहिली होती, दुसरी होती, तिसरी नव्हती. वॉटफर्डकडे मुळात पैसाच कमी होता.

खेळाच्या शैलीबद्दलची तक्रार या चौकटीबाहेरची आहे आणि ती करण्याचा हक्क चाहत्याला पूर्ण आहे, कारण क्लब कसा खेळावा याबद्दल त्याच्याइतकं जिव्हाळ्याने बोलणारं दुसरं कोणी नसतं. मात्र ती शैलीची तक्रार म्हणूनच करावी, गुणांच्या आड लपवू नये.

आणि मॅनेजर काढायचाच असेल, तर मागणी तेवढ्यावर थांबू नये. या माणसाला कोणत्या विचाराने आणलं होतं, तो विचार कुठे फसला, पुढची निवड कोण करणार आणि तीही फसली तर जाणार कोण, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं क्लबने चाहत्यांना जाहीरपणे दिली पाहिजेत. युनायटेडसारखे दहा-अकरा वर्षांत सहा-सात मॅनेजर बदलूनही निवड करणाऱ्यांना कधी जाब द्यावा लागत नसेल, तर आठवा बदल वेगळा ठरेल असं मानायला कोणताच आधार नाही. स्टँडमधून पुढचा फलक उंचावेल तेव्हा त्यावर मॅनेजरच्या नावाशेजारी त्याला निवडणाऱ्याचंही नाव असायला हवं.